नसलेली होडी

काळथर बंदरावर कुणालाही काहीही विचारावं. मुलीचं लग्न कुठे ठरलं, इंजिनाचा आवाज का बदलला, बायको माहेरी का गेली, सगळ्याची उत्तरं मिळतात आणि विचारल्यापेक्षा जास्तच मिळतात. एक प्रश्न मात्र तिथे कुणी कुणाला विचारत नाही: मासळी खंय गावली, म्हणजे कुठे सापडली? एखाद्या नवख्याने विचारलाच, तर समोरचा तांडेल, म्हणजे होडीचा कारभारी, समुद्राकडे हात करून म्हणतो, "थंय." समुद्र केवढा आहे हे विचारणाऱ्यालाही दिसत असतं.

याला कारण आहे. वरून समुद्र सगळीकडे सारखा दिसला, तरी खाली तो जमिनीसारखाच असतो. कुठे चिखल, कुठे वाळू, कुठे खडक. खडकाच्या आडोशाला बारीक मासे राहतात, त्यांच्यामागे मोठे येतात. असा खडक ज्याला ठाऊक, त्याचं घर चालतं. तो पुन्हा सापडावा म्हणून जुन्या लोकांनी सोपी युक्ती काढली होती. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, समजा देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच, बरोबर एकामागे एक येईपर्यंत होडी सरकवायची. ती झाली एक रेघ. तशीच दुसऱ्या दोन वस्तूंची दुसरी रेघ. या रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे जाळं सोडायचं. याला खूण म्हणतात. खूण घरात बसून सांगत नाहीत. बाप मुलाला होडीतून तिथे नेतो आणि एकदाच दाखवतो.

भिकाजी तारी यांच्याकडे वडिलांकडून आलेली अशी एक जागा होती. सुरमईची. त्यांना मुलगा नव्हता. एकच मुलगी, दर्शना, आणि ती होडीवर जात नसे. ती बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीची सचिव होती. बर्फ, डिझेल, विम्याचे अर्ज, सगळं तिच्या हातून जायचं. त्यामुळे ती जागा दोनच डोक्यांत होती, एक भिकाजींच्या आणि दुसरी झिलू कोयंडे यांच्या. झिलू तरुणपणी भिकाजींचे खलाशी होते. पुढे त्यांनी स्वतःची होडी केली, पण मित्राच्या जागेवर कधी जाळं टाकलं नाही. टाकू नकोस, असं कुणी सांगितलं नव्हतं. काळथरात ते सांगावं लागत नाही.

एका नोव्हेंबरात भिकाजींच्या होडीचं इंजिन बंद पडलं, वायरलेसही गेला आणि होडी वाहवत निघाली. ते कुठल्या अंगाला गेलेत, हे घरी कुणालाच माहीत नव्हतं. शोधणारं विमान उत्तरेला फिरत राहिलं. झिलूंनी कुणाशी न बोलता आपली होडी दक्षिणेला काढली आणि दुसऱ्या दिवशी भिकाजींची होडी दोरीने ओढत आणली. धक्क्यावर पाय टेकल्यावर भिकाजी एवढंच म्हणाले, "उशीर केलंस." झिलूंनी दोरी गुंडाळली आणि ते घरी गेले.

ते दोन दिवस दर्शनाने धक्क्यावर काढले होते. पुन्हा कुणावर अशी वेळ येऊ नये, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

तोवर प्रोग्राम लिहिणं बोलण्याइतकं सोपं झालं होतं. पूर्वी त्यासाठी संगणकाची भाषा शिकावी लागे. आता सहायक असे. त्याला आपल्या भाषेत हवं ते सांगायचं, तो संगणकाच्या भाषेत लिहून द्यायचा. जगभरच्या लोकांनी आजवर लिहिलेले असंख्य प्रोग्राम त्याने वाचलेले असत, त्यामुळे 'असं काहीतरी' म्हटलं तरी त्याला समजे. किराणावाले, शाळा, दूध डेअऱ्या, लग्नाचे हॉल, ज्याला त्याला स्वतःचं अ‍ॅप होतं. दर्शनाने एका पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना, सोसायटीच्या ऑफिसात बसून 'सोबत' बनवलं.

प्रत्येक होडीवर तळहाताएवढी पेटी. ती उपग्रहामार्फत थोड्या थोड्या वेळाने होडीची जागा कळवायची. संध्याकाळी लिलावात कुणाची किती मासळी उतरली तेही 'सोबत'मध्ये भरलं जायचं, कारण त्यावरून दुसऱ्या दिवशी कुणाला बर्फाच्या किती लाद्या लागतील याचा हिशेब निघे. आणि पेटीवर एक लाल बटण. ते दाबलं की ती होडी सगळ्यांच्या फोनवर दिसायची.

एरवी मात्र प्रत्येकाला स्वतःचीच वाट दिसावी, अशी तिने सोय केली. एवढंच नव्हे, सचिव असूनही स्वतःच्या पडद्यावर तिने सगळ्यांच्या वाटा झाकून घेतल्या. वडिलांनी आपल्याला न दाखवलेली जागा अशी मागच्या दाराने कळू नये, असं तिला वाटलं.

उद्घाटनाआधी धक्क्यावर रंगीत तालीम झाली. सोसायटीचे अध्यक्ष मुरारी मिठबावकर यांनी बटण दाबलं. बाकीच्यांच्या फोनवर अक्षरं उमटली: 'ही माहिती पाहण्याची आपल्याला परवानगी नाही.'

"म्हंजे बुडताना आधी अर्ज करूचो काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"अर्ज नि दोन फोटो," दुसरा म्हणाला. "फोटोत तोंडार पाणी नको."

सगळे हसले. दर्शनाही हसली, पण कानापर्यंत लाल झाली. त्या संध्याकाळी तिने सहायकाला जरा चिडूनच सांगितलं, "आमच्याकडे संकटात कुणी कुणाची परवानगी विचारत नाही. वल्ह्याला शर्ट बांधून हलवलेला ज्याला दिसतो, तो हातातलं जाळं टाकून जातो. परवानगीची भानगडच काढून टाक."

सहायकाने ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी बटण दाबताच सगळ्यांच्या फोनवर मुरारींची होडी झळकली आणि टाळ्या पडल्या.

'सोबत' लागल्यापासून दोन होड्या वेळेवर सापडल्या. एका खलाशाच्या छातीत दुखू लागलं तेव्हा शेजारची होडी लगेच पोचली आणि माणूस वाचला. ज्यांनी पेटीला नाकं मुरडली होती तेही ती पुसून ठेवू लागले. असं एक वर्ष गेलं.

मग दिवे आले.

दूरच्या बंदरांतल्या मोठ्या बोटी. बंदी असूनही त्या पाण्यावर झगझगीत दिवे सोडत, दिव्याला मासळी गोळा झाली की एकाच वेढ्यात सगळी उचलत. पूर्वीही येत असत, पण तेव्हा चाचपडत फिरत. या वेळी त्या फिरल्याच नाहीत. पहिल्या पंधरवड्यात मुरारींच्या जागेवर, मग आणखी दोघांच्या आणि मग एका पहाटे भिकाजींच्या.

"तीन बोटी," घरी येऊन भिकाजी म्हणाले. "सरळ माझ्या जाग्यार. जशी कोणी हाताक धरून आणल्यान." त्यांनी टोपली उपडी करून दाखवली. तळाला चार बांगडे होते.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी लिलावात, भर गर्दीत, त्यांनी झिलूंना हटकलं.

"तुझो पोरगो त्या दिव्याच्या बोटीर कामाक आसा ना?"

"आसा. तीन वर्सां झाली. सगळ्यांका ठावक आसा."

"आणि माझी जागा कोणाकोणाक ठावक आसा?"

झिलूंच्या हातात सुरमईचं शेपूट होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. "भिकू, तू माका इचारतंस?"

"मी इचारणय नाय. सांगतंय. माझ्या बापाशीची जागा तू विकलंस."

मासळी तशीच टाकून झिलू निघून गेले. त्यानंतर ते लिलावाला आले नाहीत. त्यांची मासळी त्यांची बायको आणू लागली. बंदरावर जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. कुणाचा जावई रत्नागिरीला, कुणाचा भाऊ गोव्याला, प्रत्येकाकडे संशय घ्यायला कुणीतरी होतंच. काही तांडेलांनी समुद्रात गेल्यावर पेट्या बंद करायला सुरुवात केली. पेटीचा त्यांना संशय नव्हता, पण आता कुणाचाच भरवसा नव्हता. भिकाजींनीही आपली पेटी बंद केली. दर्शनाला वाट दिसत नसली तरी पेटी चालू असल्याचा ठिपका दिसायचा; आता होडी निघाली की तोही पुसला जायचा आणि होडी परत येईपर्यंत तिचं कशातच लक्ष लागायचं नाही.

ज्या जागा गेल्या, त्या वेगवेगळ्या घरांच्या होत्या. एवढ्या सगळ्या जागा ठाऊक असणारा एकही माणूस बंदरावर नव्हता. एका दुपारी बर्फाचा हिशेब करताना दर्शनाच्या हे ध्यानात आलं आणि तिचा हात थांबला. माणूस नव्हता. पण 'सोबत' होतं.

तिने नवं संभाषण उघडलं.

"तू चोर आहेस असं समज," तिने सहायकाला सांगितलं. "'सोबत'मध्ये कसा शिरशील?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. "शिरावंच लागणार नाही, दर्शनाताई. दार उघडं आहे."

"पण प्रत्येकाला फक्त स्वतःची वाट दिसते."

"पडद्यावर तेवढीच दिसते. ते समजावून सांगू?"

त्याने सांगितलं ते असं. 'सोबत'ची माहिती क्लाउडवर होती. क्लाउड म्हणजे ढग खरा, पण आभाळात काही नसतं; दूरच्या शहरात एका मोठ्या थंड इमारतीत आपण भाड्याने घेतलेलं कपाट असतं. दुकानात गल्ल्यावर बसलेला माणूस गिऱ्हाइकाला हवी तीच वस्तू काढून दाखवतो, बाकीच्यांवर पडदा असतो. फोनवरचं अ‍ॅप हा तो माणूस. पण दुकानाच्या मागे कोठार असतं. त्याच्या दाराला कुलूप नसेल, तर गल्ल्यावर न येता कुणीही मागून जाऊन सगळं बघू शकतो. तालमीच्या दिवशी परवानगीची भानगड काढताना ते मागचं कुलूप निघालं होतं. बटण दाबल्यावर होडी सगळ्यांना दिसावी, यासाठी कोठारच सगळ्यांना खुलं झालं, बटण दाबलेलं असो वा नसो. पुढे पडदा नीट होता, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही.

"हे तूच लिहिलंस ना?"

"हो."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"त्या दिवशीच्या उत्तरात शेवटून दुसरा परिच्छेद पाहा."

तिने जुनं उत्तर शोधलं. लांबलचक होतं. बटण चाललं म्हणताच तिने ते तिथेच सोडलं होतं. शेवटी शेवटी, अगदी अदबीने लिहिलं होतं, की प्रत्यक्ष वापर सुरू करण्यापूर्वी माहितीच्या परवानग्या पुन्हा तपासून घ्याव्यात.

"फार हळू सांगितलंस," ती म्हणाली.

"हो. असं दार काढताना मी थांबून तुम्हाला विचारायला हवं होतं. सगळ्यांना काय दिसायला हवं आणि केव्हा, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं."

"काळथरचं हे कोठार उघडं आहे, हे लांबच्या बोटीवाल्यांना कळलं कसं?"

"काळथर त्यांना माहीतही नसेल. माझ्यासारखे सहायक थोडेच आहेत आणि आम्ही लिहितो ते एकमेकांसारखं असतं. म्हणून आमच्या चुकाही सारख्या असतात. एका वाडीतल्या सगळ्या घरांना एकाच कारागिराने दारं बसवली आणि त्याची एक खिळी नेहमी सैल राहत असली, तर ती सैल खिळी ज्याला कळली त्याला प्रत्येक घर वेगळं तपासावं लागत नाही. असे प्रोग्राम आहेत, जे दिवसभर इंटरनेटवर दारं ढकलत फिरतात. उघडलं की आत असेल ते गोळा करतात. पुढे कुणीतरी ते नीट लावून विकतं. होडीची वाट एका बाजूला, त्या दिवशीच्या मासळीचं वजन दुसऱ्या बाजूला. दोन्ही शेजारी ठेवलं, की मासळी कुठे आहे हे सांगावं लागत नाही."

दर्शनाला बर्फाच्या लाद्या आठवल्या. हिशेब सोपा व्हावा म्हणून तीच ते वजन भरत होती.

तिने स्वतः करून पाहिलं. सोसायटीशी संबंध नसलेल्या एका नव्या नावाने, सहायकाने सांगितलेली एक ओळ लिहून, कोठाराकडे मागणी केली. पडदा आकड्यांनी भरून गेला. होड्यांची नावं, दिवस, जागा. वर सरकणाऱ्या ओळींत तिला वडिलांच्या होडीचं नाव दिसलं. तिने लॅपटॉप मिटला आणि काही वेळ त्यावर हात ठेवून बसली.

दार लावायला तिला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला असता. ते कुणाला कळलंही नसतं. दिव्यांच्या बोटी हळूहळू पुन्हा चाचपडू लागल्या असत्या, 'सोबत' चालू राहिलं असतं, पेट्याही एकेक करून सुरू झाल्या असत्या. फक्त झिलूकाका जन्मभर चोर राहिले असते. आणि सांगितलं, तर काळथरचा कुठलाही तांडेल पेटी होडीवर ठेवणार नव्हता. मग पुन्हा कुणाचं इंजिन बंद पडलं, तर कुणाला कुठे शोधायचं?

ती उठली, ऑफिसला कुलूप लावलं आणि घरी गेली.

भिकाजी पडवीत बसून गळ घासत होते. तिने आडवळण घेतलं नाही. सगळं सांगितलं, कोठार, पडदा, स्वतः काय म्हणाली होती तेसुद्धा. भिकाजींचे हात चालूच होते.

"तू झिलूक वाचवतंस," शेवटी ते म्हणाले.

"आबा, मी माझा सांगतंय. त्यांचा नाय."

"यंत्राक मासळी काय कळता? माणसाक तोंड आसता."

"मगे एक करूया," दर्शना म्हणाली. "तुमीच जागा सांगा. अशी, जंय शाणो माणूस जन्मात जाळां टाकूचो नाय. कोणाकडे बोला नको. झिलूकाकांकडे तर नायच."

भिकाजींनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "कित्याक?"

"मी थंय एक होडी धाडतंय. नसलेली."

त्यांना ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते जागेवर बराच विचार करत बसले. चांगल्या जागेवर एवढा विचार त्यांनी कधी केला नसेल. समुद्राच्या बाजूचं कातळाचं पठार, म्हणजे सडा, त्याच्यासमोर खाडीच्या मुखापासून बरंच बाहेर चिखलाचा एक पट्टा होता. तिथे झार सापडायचा, हाताला खाज आणणारा बुळबुळीत जीव, आणि दुसरं काहीच नाही.

"थंय धाड," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "नाव काय घालतलंस होडयेक?"

"तुमीच सांगा."

"लक्ष्मी घाल. लोभ सुटाक व्हयो."

मागचं दार दर्शनाने मुद्दाम उघडंच ठेवलं. 'सोबत'मध्ये दुसऱ्या दिवसापासून 'लक्ष्मी' नावाची होडी दिसू लागली. तिला तांडेल नव्हता, इंजिन नव्हतं, लाकूड नव्हतं. दर्शनाने फक्त आकडे लिहिले: रोज सकाळी निघाली, चिखलाच्या पट्ट्यावर थांबली, संध्याकाळी टोपल्या टोपल्या सुरमई घेऊन परतली. बाकीच्या होड्यांच्या जुन्या वाटा तिने कोठारातून काढून टाकल्या आणि नव्या वाटा खोट्या करून सगळ्यांना बंदराच्या तोंडाशी घुटमळत ठेवलं, हातात रिकाम्या टोपल्या देऊन. संकटाचं लाल बटण तेवढं खरं राहू दिलं. ते तिने वेगळ्या वाटेने थेट स्वतःच्या फोनवर आणलं. पेटी बंद करू नका, एवढी विनंती तिने घरोघर जाऊन केली. का, ते शनिवारच्या सभेत सांगते म्हणाली.

शनिवारच्या आधीच एका संध्याकाळी भिकाजी तिला घ्यायला ऑफिसात आले. मुरारी आणि आणखी तिघे-चौघे तांडेल सोबत होते. सगळे सड्यावर चढले. तिथून खाडीचं मुख आणि पलीकडचं पाणी तळहातासारखं दिसतं. ऊन उतरलं होतं. चिखलाच्या पट्ट्यावर दोन मोठ्या बोटी उभ्या होत्या आणि त्यांनी दिवे लावायला घेतले होते.

"ह्ये खुळे झाले काय?" मुरारी म्हणाले. "थंय नुसतो झार आसा."

"आसा ना," भिकाजी म्हणाले.

"कोणी सांगितल्यान यांका?"

भिकाजींनी दर्शनाकडे बोट केलं. "हिणां. म्हंजे हिच्या लक्ष्मीन."

ते सगळे बोटींनी वेढा टाकेपर्यंत बसून राहिले. जाळं वर येताना दुर्बिणीतून पाहणारा एक तांडेल हसत सुटला आणि दुर्बीण हातोहात फिरली. भिकाजींनी ती घेतली नाही. ते गुडघ्यावर हात ठेवून बसले होते आणि त्यांचं लक्ष बोटींकडे नव्हतं. खाली कोयंड्यांचं घर दिसत होतं, तिकडे ते बघत होते.

शनिवारी सोसायटीच्या शेडमध्ये सगळे जमले. दर्शनाने उभं राहून सांगितलं. चूक तिची कुठली आणि सहायकाची कुठली, याची वाटणी तिने केली नाही. बनवलं मी आणि न वाचता चालू केलं मी, एवढंच म्हणाली. झिलूकाकांचं नाव घेऊन, जागा त्यांच्या तोंडून गेल्या नाहीत हे स्पष्ट सांगितलं. सायबर पोलिसांकडे तक्रार दिल्याचंही सांगितलं. गेलेल्या जागा मात्र परत येणार नव्हत्या. ज्या वाटा विकल्या गेल्या त्या गेल्या.

"तर मगे पेटये बुडवूया," मागून एक जण म्हणाला. "रागान नाय सांगणय गो, दर्शना. पण माझी अजून एक जागा उरलेली आसा."

बऱ्याच माना हलल्या. मुरारींनी विचारलं, "तुका काय वाटता?"

"जागा माझ्या कोठारात असूकच नको," ती म्हणाली. "कुलूप लावलां तरी नको. कुलूप लावणारा मी, उद्या माझो हात चुकलो तर?"

तिने खडू घेतला आणि शेडच्या फरशीवर एक रेघ ओढली. "ही खुणेची एक रेघ. एकच रेघ ज्याच्याकडे आसा, त्याका जागा गावात?"

"नाय," चार-पाच जण एकदम म्हणाले. "त्या रेघेर खंयही असात."

तिने दुसरी रेघ आडवी काढली. मग त्याच बिंदूतून जाणारी तिसरी. "आता तीन रेघा, तीन माणसांकडे. एकट्याक काय कळाचा नाय. पण कोणी दोघे एकत्र इले, की जागा कळली. तिसरो नसलो तरी चालात."

पेटीने यापुढे जागा कळवायची, पण अशा कुलपात घालून, की ज्याची किल्ली कुठल्याच एका फोनवर नाही. किल्लीचे तीन तुकडे. ते कुणाकडे द्यायचे हे ज्याने त्याने ठरवायचं. लाल बटण दाबलं, किंवा होडी वेळेवर परतली नाही, तर त्यांतल्या कुणीही दोघांनी आपले तुकडे जोडायचे. कोठार कुणी फोडलंच, तर हाती लागतील नुसती अर्थहीन अक्षरं, त्यांतून एक रेघसुद्धा निघणार नाही. ही युक्ती जुनी होती, गणितातल्या लोकांना कधीची ठाऊक होती. सहायकाने ती तिला सांगितली आणि या खेपेला तिने उत्तर शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. त्यावरही न थांबता मालवणच्या कॉलेजातल्या संगणकाच्या बाईंना सगळं दाखवून आणलं. बाईंनी दोन भोकं काढून दिली. ती बुजवून मगच ती सभेला आली होती.

"म्हंजे तुकासुद्धा दिसूचा नाय?" ज्याची एक जागा उरली होती त्याने विचारलं.

"माका तर आधीच दिसाक नको हुतां."

त्याने डोकं खाजवलं. "मगे ठेवतंय पेटी. पण तीन माणसां खंयसून काढू? घरात दोनच, त्यातली एक सासू."

सभा हसण्यात सुटली. पण तो प्रश्न साधा नव्हता. त्या रात्रीपासून काळथरात घरोघर त्याचाच विचार चालला होता. आपण वेळेवर परतलो नाही, तर आपली जागा कुणी उघडावी? ज्यांना जाब विचारला होता, त्यांची नावं लोकांच्या मनात येत होती आणि ती उच्चारणं जड जात होतं.

भिकाजींनी एक तुकडा दर्शनाला दिला. दुसरा मुरारींना. तिसऱ्याचं नाव ते बोलेनात. रविवारी दुपारी त्यांनी टोपी घातली आणि तिला म्हणाले, "तुझां ता यंत्र घे नि चल."

झिलू कोयंडे खळ्यात जाळं विणत बसले होते. पायरव ऐकून त्यांनी मान वर केली नाही.

"ये गो दर्शना," ते म्हणाले. "बस. तुका बस म्हणतंय."

दर्शना जोत्यावर बसली. भिकाजी उन्हातच उभे राहिले.

"किल्ली आणलंय," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"कसली?"

"माझ्या पेटयेची. तीन जणांक देऊची असता. दोन दिलंय. एक उरली."

"बंदरार काय माणसां कमी आसत?"

"माणसां आसत," भिकाजी म्हणाले.

झिलूंची सुई चालू होती. एक गाठ, मग दुसरी. आतून त्यांच्या बायकोने डोकावून पाहिलं आणि ती परत गेली.

"भिकू, लिलावात जां तू बोललंस, तां सगळ्यांनी ऐकल्यानी."

"ऐकल्यानी."

"दर्शनान सभेत सांगितल्यान, तांय ऐकल्यानी. पण तां तिणां सांगितल्यान."

भिकाजींनी टोपी काढून हातात घेतली. दर्शनाने वडिलांना कुणापुढे असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती जोत्याच्या कडेला आलेल्या मुंग्यांकडे बघत राहिली.

"उद्या लिलावात येतंय," भिकाजी म्हणाले, "नि सगळ्यांसमोर बोलतंय. माझी चूक झाली म्हणान."

झिलूंनी सुई थांबवली. पहिल्यांदाच मान वर करून त्यांनी मित्राकडे नीट पाहिलं. मग कनवटीचा फोन काढून दर्शनापुढे धरला.

"घाल गो, काय घालूचा आसा तां," ते तिला म्हणाले आणि भिकाजींकडे वळले. "उद्या नको. उद्या अर्धो गाव जत्रेक जातलो. मंगळवारी बोल. मंगळवारी लिलावाक गर्दी आसता."

"मंगळवारी," भिकाजी म्हणाले, आणि बसले.